जुना पीसी चालू करण्याआधी: ३८६ आणि ४८६ यंत्रे मिळवणे, दुरुस्त करणे आणि देवाणघेवाण करणे

माळ्यावर किंवा गोदामात पंचवीस-तीस वर्षे पडून राहिलेला ३८६ किंवा ४८६ पीसी (म्हणजे पेंटियमच्या आधीच्या, या क्रमांकांच्या प्रोसेसरवर चालणारा) त्या पडून राहण्यामुळे सहसा निकामी होत नाही. नव्या मालकाने घरी आणल्या आणल्या प्लग लावून बटण दाबल्यामुळे तो अनेकदा निकामी होतो. म्हणून या छंदात हत्यारांपेक्षा कामाच्या क्रमाला अधिक महत्त्व आहे. आधी बॅटरी, मग वीजपुरवठा, मग मदरबोर्ड, त्यानंतर डिस्कवरील माहिती आणि सर्वांत शेवटी बाहेरचे रूप, असा क्रम पाळला तर सोल्डरिंगचा मध्यम सराव असलेल्या माणसालाही यातील बहुतेक यंत्रे पुन्हा चालू करता येतात.

अशी यंत्रे मिळण्याची खात्रीची जागा म्हणजे भंगाराचा व्यवसाय. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्ल्या, तसेच प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या कडेला असलेली भंगाराची गोदामे नियमितपणे पाहावीत. मात्र तेथे आपली स्पर्धा दुसऱ्या छंदिष्टाशी नसून सोन्याशी असते, हे समजून जावे. त्या काळच्या सिरॅमिक प्रोसेसरमध्ये आणि कार्डांच्या कडांवर सोन्याचा मुलामा असल्याने भंगारवाले प्रोसेसर उपटून वेगळे काढतात आणि उरलेले बोर्ड किलोवर विकतात. त्यामुळे सुट्या बोर्डांच्या ढिगात हात घालण्यापेक्षा ‘कॅबिनेट न उघडता ठेवा, किलोच्या भावापेक्षा जास्त देतो’ असे आधीच सांगून ठेवणे अधिक फायद्याचे असते. की-बोर्ड, मॉनिटरची केबल, कॅबिनेटची किल्ली आणि पुढच्या पॅनेलची बटणे त्याच वेळी मागून घ्यावीत. नंतर ती सापडत नाहीत. की-बोर्ड मिळालाच नाही तर पीएस-टू पिनचा कोणताही चांगला की-बोर्ड, अगदी टीव्हीएस गोल्डसुद्धा, मोठ्या गोल पिनच्या साध्या अडॅप्टरवर चालतो.

घरी आणल्यावर पहिले काम स्क्रू-ड्रायव्हरचे आहे. कॅबिनेट उघडून प्रत्येक केबलचा, जंपरचा (पिना जोडून सेटिंग ठरवणाऱ्या लहान टोपीचा) आणि कार्डाच्या जागेचा फोटो काढावा आणि मग मदरबोर्डवरची बॅटरी शोधावी. या काळातील बऱ्याच बोर्डांवर की-बोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या किंवा हिरव्या वेष्टणाची, लहान पिंपासारखी, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. यंत्राच्या घड्याळासाठी बसवलेली हीच बॅटरी पुढे बोर्डाची सर्वांत मोठी शत्रू ठरते. तिच्यातून झिरपणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याचे ट्रॅक खाते, आयसीच्या पायांखाली शिरते आणि शेजारच्या स्लॉटमधील संपर्क काळे करते. बॅटरी वरून कोरडी आणि स्वच्छ दिसली तरीही ती कापून काढावी. याबाबत अपवाद करू नये. बॅटरी नसली तरी यंत्र चालते, फक्त तारीख आणि सेटिंग विसरते.

झिरपलेल्या जागी पांढरट किंवा हिरवट थर दिसतो. कॅडमियम विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि तो थर कोरडा खरवडून धूळ उडवू नये. पदार्थ अल्कधर्मी असल्यामुळे तेथे साधे पांढरे व्हिनेगर कापसाच्या बोळ्याने लावावे, फसफस थांबेपर्यंत जुन्या टूथब्रशने हलके घासावे, मग डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुवावे आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून बोर्ड पूर्ण वाळू द्यावा. व्हिनेगर तसेच राहिले तर तेही गंज आणते, म्हणून धुण्याच्या पायरीत कंजुषी करू नये. पावसाळ्यात वाळवण्यासाठी दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवणे बरे.

त्यानंतर भिंग घेऊन एकेक ट्रॅक तपासावा. हिरव्या लेपाखाली तांबे काळसर झालेले असेल तर लेप हलकेच खरवडून, मल्टिमीटर बझरवर ठेवून, ट्रॅकच्या दोन टोकांना प्रोब लावावेत. बीप आली नाही तर ट्रॅक तुटला आहे. अशा ठिकाणी एका टोकाच्या पायापासून दुसऱ्या टोकाच्या पायापर्यंत केसासारखी बारीक इन्सुलेटेड तार सोल्डर करावी. तुटलेल्या ट्रॅकवरच सोल्डरचा थर ओढून काम भागवण्याचा मोह होतो, पण गंजलेले तांबे आतून आणखी गंजत जाते आणि काही महिन्यांनी तोच दोष परत येतो. की-बोर्डचे सॉकेट आणि त्याजवळची की-बोर्ड कंट्रोलर आयसी यांचे सर्व संपर्क या टप्प्यावर तपासून घ्यावेत, कारण झिरपण्याचा पहिला फटका तेथेच बसतो.

नवी बॅटरी बसवताना निकेल-कॅडमियमच्या जागी पुन्हा तीच लावू नये. बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा आणि तिचा जंपर असतो. धन आणि ऋण पिन मल्टिमीटरने निश्चित करून तेथे तीन पेन्सिल सेलचा खोका तारेने जोडावा आणि तो बोर्डापासून दूर, कॅबिनेटच्या भिंतीला चिकटवावा. जुन्या बॅटरीच्या जागी सीआर२०३२ हा नाण्याच्या आकाराचा सेल लावायचा असेल तर मध्ये डायोड घालणे अनिवार्य आहे. मूळ सर्किट बॅटरी चार्ज करते आणि लिथियमचा हा सेल चार्ज करायचा नसतो.

वीजपुरवठ्याकडे वळताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात. परदेशातून आलेल्या यंत्राच्या एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) मागच्या बाजूला ११५ आणि २३० असा लाल सरकता स्विच असतो. तो ११५ वर राहिला असेल तर आपल्या सॉकेटमध्ये प्लग घालताच मोठा आवाज होऊन काम संपते. दुसरी गोष्ट अशी की, एटी पद्धतीच्या (म्हणजे या काळच्या नेहमीच्या) कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणापर्यंत येणारी जाड केबल थेट २३० व्होल्टची असते. बटणाच्या मागची टोके उघडी असतील तर ती आधी झाकावीत, कारण बोर्डावर काम करताना हात तेथेच जातो. एसएमपीएसच्या आतील मोठ्या कपॅसिटरांवर चालू असताना सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ राहतात. ज्याला याची सवय नाही त्याने एसएमपीएस उघडू नये. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरबाबत तर हा सल्ला आणखी कडक आहे. तेथे हजारो व्होल्टशी गाठ असते, आणि जुना टीव्ही दुरुस्त करणारा मेकॅनिक गावात अजून असेल तर ते काम त्याच्याकडेच द्यावे.

उघडता येत असेल तर मेन्सच्या प्रवेशाजवळचा पिवळसर पारदर्शक आवरणाचा कागदी कपॅसिटर शोधावा. या आवरणाला वयानुसार बारीक भेगा पडतात, आतला कागद दमट हवेतले पाणी ओढतो आणि वीज मिळाल्यावर काही मिनिटांत खोलीभर उग्र धूर होतो. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात राहिलेल्या यंत्रांबाबत तो तपासण्यात वेळ न घालवता सरळ बदलावा. त्याच मूल्याचा, एक्स-टू दर्जाचा, २७५ व्होल्ट एसीचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किरकोळ किमतीत मिळतो.

पहिल्यांदा वीज देताना आपल्याकडचे टीव्ही मेकॅनिक वापरतात तो सिरीज बोर्ड वापरावा, म्हणजे मेन्सच्या फेजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब एकसरीत जोडलेला बोर्ड. एलईडी बल्ब येथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भरपूर उजेडाने पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे आणि बल्बने यंत्र वाचवले आहे. मदरबोर्ड न जोडता, पण लोड म्हणून निकामी झालेली एखादी जुनी हार्ड डिस्क जोडून व्होल्टेज मोजावे, कारण अनेक एसएमपीएस लोडशिवाय चालूच होत नाहीत. लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि पिवळ्या तारेवर १२ च्या आसपास व्होल्ट मिळाले की बल्ब काढून तेच व्होल्टेज सरळ मेन्सवर पुन्हा मोजावे. मदरबोर्डचे दोन सहा-सहा पिनांचे कनेक्टर लावताना चारही काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून याव्यात. ते उलटे बसतात, आणि उलटे बसल्यास बोर्ड गेला म्हणून समजावे.

मदरबोर्डची चाचणी कमीत कमी सामानावर करावी: बोर्ड, मेमरी, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर. स्पीकर विसरू नये, कारण पडदा काळा असताना यंत्र बोलते ते त्याच्याद्वारे. तीस पिनांच्या मेमरी पट्ट्या ३८६ डीएक्स आणि ४८६ मध्ये चार-चारच्या संचात लागतात, ३८६ एसएक्समध्ये दोन-दोनच्या. एकच पट्टी लावून बोर्ड मुका ठरवण्यात अर्थ नाही. एएमआय कंपनीच्या बायोसवर (यंत्र सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्रामवर) तीन बीप म्हणजे सुरुवातीच्या मेमरीत दोष, आठ बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाच्या मेमरीत, आणि सहा बीप म्हणजे की-बोर्ड कंट्रोलर. सहा बीप आल्या तर परत बॅटरीच्या जागेकडे जावे आणि भिंगाने पुन्हा पाहावे. बीप आणि पडदा दोन्ही नसतील तर मदरबोर्डच्या आयएसए स्लॉटमध्ये (कार्डे बसवण्याच्या लांब खाचेत) बसणारे पोस्ट कार्ड, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीचे संकेत दाखवणारे कार्ड, कामी येते. चाचणी कोणत्या टप्प्यावर थांबली ते त्यावरच्या दोन अंकांतून कळते. एसएमपीएस टकटक करून बंद पडत असेल तर एखादा टँटलम कपॅसिटर शॉर्ट असण्याची शक्यता मोठी असते. यंत्र बंद करून, एसएमपीएस सोडवून, मदरबोर्डच्या बारा आणि पाच व्होल्टच्या लाइनवर मल्टिमीटर लावला की ते कळते.

बायोसची चिप काढता येत असेल तर प्रोग्रामर नावाच्या चिप वाचणाऱ्या उपकरणावर तिची प्रत लगेच घ्यावी. चिपच्या काचेच्या खिडकीवरचे स्टिकर सोलू नये. त्याच खिडकीतून अतिनील प्रकाश पडून आतली माहिती पुसली जाते.

आता डिस्क. येथे घाई करणाऱ्यांचे नुकसान फक्त त्यांचे राहत नाही, म्हणून या टप्प्यावर मी थोडा अधिक थांबतो. महाराष्ट्रातून निघणाऱ्या या काळच्या यंत्रांत छापखान्यांची, साप्ताहिकांची आणि सरकारी कार्यालयांची यंत्रे असतात, आणि त्यांतील मराठी मजकुराची दुसरी प्रत अनेकदा कोठेच नसते. एखाद्या यंत्रात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड सापडू शकते. या कार्डामुळे डॉसच्या साध्या प्रोग्राममध्येही पडद्यावर देवनागरी उमटत असे. असे कार्ड मिळाले तर त्यावरच्या रॉमची प्रत, ड्रायव्हरची फ्लॉपी आणि कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो जपावेत. इस्की या भारतीय लिपींसाठीच्या जुन्या संकेतातील मजकूर युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सोपे आहे, कारण युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारे झालेली आहे. डीटीपी (छपाईच्या पानांची मांडणी करणाऱ्या) पॅकेजमधील मजकूर मात्र फाँटच्या स्वतःच्या मांडणीत साठवलेला असतो आणि तो फाँट हाती नसेल तर फाइल म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग ठरते. म्हणून मजकुराबरोबर फाँटच्या फाइलीही घ्याव्यात, आणि प्रिंटर पोर्टला लावलेले लहानसे लॉक अडॅप्टर समजून फेकू नये. त्याच्याशिवाय ते पॅकेज चालतच नाही.

जुन्या आयडीई (त्या काळच्या नेहमीच्या जोडणीच्या) हार्ड डिस्कची प्रत घेताना यूएसबी अडॅप्टर अनेकदा फसतात, कारण इतक्या जुन्या डिस्क माहितीच्या जागेचा पत्ता ज्या पद्धतीने समजतात ती पद्धत या अडॅप्टरना येत नाही. त्याऐवजी मदरबोर्डवरच आयडीई पोर्ट असलेला पेंटियम काळातील पीसी घेऊन त्यावर लिनक्समधील डीडी-रेस्क्यू हा प्रत घेणारा प्रोग्राम चालवावा. तो आधी सुस्थितीतील भाग वाचतो आणि खराब भागाकडे नंतर वळतो. त्याहून जुन्या, एमएफएम पद्धतीच्या हार्ड डिस्क ज्या कंट्रोलर कार्डावर फॉरमॅट झाल्या त्याच प्रकारच्या कार्डावर वाचता येतात, म्हणून डिस्क आणि कार्ड यांची जोडी कधीही फोडू नये, विकतानाही नाही.

फ्लॉपींना आपल्या हवेत बुरशी लागते. फटीतून दिसणाऱ्या चकतीवर पांढरे ठिपके किंवा जाळी असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये. एक बुरशीची फ्लॉपी ड्राइव्हच्या हेडवाटे पुढच्या दहा फ्लॉपी खराब करते. चकती आवरणातच हळूहळू फिरवत अल्कोहोलने पुसून, वाळवून मगच वाचावी. त्याआधी लिहिण्यापासून संरक्षण द्यावे: सव्वापाच इंचीच्या कडेची खाच पट्टीने झाकली की ती सुरक्षित होते, तर साडेतीन इंचीचे छिद्र उघडे ठेवले की. साध्या ड्राइव्हने वाचता न येणाऱ्या फ्लॉपीसाठी ग्रीझविझलसारखे उपकरण चुंबकीय संकेत जसेच्या तसे टिपते. प्रत मिळाल्यावर मूळ डिस्क बाजूला ठेवून रोजच्या वापरासाठी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवावे. त्या काळचे अनेक बायोस सुमारे ५०४ मेगाबाइटच्या पुढे पाहू शकत नाहीत, म्हणून लहान कार्ड घेणेच सोयीचे. मिळालेल्या माहितीत कोणाचे पगारपत्रक, रुग्णांच्या नोंदी किंवा खासगी पत्रे असतील तर ती कोणालाही दाखवू नयेत, आणि यंत्र पुढे देण्याआधी डिस्क पुसावी.

पिवळे पडलेले कॅबिनेट पांढरे करण्याची घाई मला पटत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचे क्रीम लावून उन्हात ठेवले की रंग उजळतो हे खरे, पण पिवळेपणा काही वर्षांत परत येऊ शकतो आणि क्रीम असमान लागले तर पट्टे कायमचे राहतात. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश यांनी बहुतेक काम भागते. जुन्या विक्रेत्याचे स्टिकर आणि कार्यालयाचा मालमत्ता क्रमांक काढू नयेत. यंत्र कोठून आले हे सांगणारा बहुधा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

देवाणघेवाण करताना ‘चालू’ या एका शब्दावर विसंबू नये. कोणत्या टप्प्यापर्यंत चालते, कोणती मेमरी लावून पाहिली, बॅटरी काढली होती का, कोणते ट्रॅक तारेने जोडले, कोणता कपॅसिटर बदलला, हे कागदावर लिहून तो कागद कॅबिनेटच्या आत ठेवावा आणि घेणाऱ्यानेही तो मागावा. काढलेले मूळ भाग लहान पिशवीत घालून यंत्राबरोबरच द्यावेत. झिरपलेली बॅटरी मात्र नाही, ती ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावी. कुरिअरने पाठवताना कार्डे स्लॉटमधून काढून प्रतिस्थितिक (अँटी-स्टॅटिक) पिशवीत वेगळी बांधावीत, कारण प्रवासात उपटलेले एखादे जड कार्ड आतल्या आत सगळा बोर्ड ओरबाडते, आणि कॅबिनेटच्या बाहेरून त्याची काहीच खूण दिसत नाही.