महायुद्धात कोण का उतरला ते कसं शोधायचं

आमच्या खानापूरकडं बांधाचं भांडण लागलं की शहाणा पंच आधी चूक कुणाची ते विचारत नाही, कुठल्या दिवशी काय झालं ते विचारतो. पुतण्याला डिबेटसाठी पहिलं महायुद्ध सांगताना मी पण तेच केलो.

पहिलं म्हणजे कोऱ्या पानावर 1914 च्या तारखा लिहा. 28 जूनला साराजेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, 28 जुलैला ऑस्ट्रियाचं सर्बियाशी युद्ध, 1 ऑगस्टला जर्मनीचं रशियाशी, 3 ला फ्रान्सशी, 4 ला ब्रिटन उतरला. आता मधला महिना बघा की, नुसत्या खुनावरनं पेटायचं असतं तर एवढे दिवस कशाला लागले असते?

मग एकेका देशाच्या रकान्यात एकच प्रश्न, आत्ता गप बसलो तर पुढं आपलं काय होईल असं ह्यांना वाटालतं? ऑस्ट्रियाला वाटलं सर्बियाला सोडलं तर आपलं राज्यच विस्कटतंय. जर्मनीचे सेनापती म्हणालते रशिया सैन्य वाढवालाय, रेल्वे टाकालाय, 1917 नंतर तो आवरायचा नाही, भिडायचं तर आत्ताच. ऑस्ट्रियानं बोस्निया गिळला तेव्हा रशियानं 1909 ला माघार घेतलेली, परत घेतली तर काय इज्जत राहणार. जर्मनी बेल्जियममध्ये घुसलेला, ब्रिटनकडं बेल्जियमच्या तटस्थपणाचा 1839 चा करार होता, खरं समोरच्या किनाऱ्यावर जर्मनी नको हे पण होतंच. मला तर ह्यात हावेपेक्षा भीतीच जास्त दिसते.

त्यानंतर मागं फिरायची वाट होती का ते तपासा, खरी मजा इथं आहे. रशियाच्या झारनं 29 जुलैला सगळं सैन्य उभं करायचा हुकूम दिला, जर्मनीच्या बादशहाची, म्हणजे कैसरची तार आली म्हणून रात्री मागं घेतला आणि 30 ला परत दिला! 1 ऑगस्टला कैसरला वाटलं फ्रान्स बाजूला राहतोय, तर म्हणाला सगळी फौज पूर्वेला न्या, त्याचा सरसेनापती मोल्टके म्हणाला जमत नाही, सगळं रेल्वेच्या टाइमटेबलवर बसवलंय.

जपानला 1941 ला गप बसलो तर काय होईल हाच प्रश्न लावून बघा, अमेरिकेनं तेल तोडलेलं, साठा संपायच्या आत काहीतरी करायचं होतं. 1917 च्या अमेरिकेला तो तेवढा फिट बसत नाही, तिथं जर्मनीच्या पाणबुड्या आणि जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमननं मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध हात मिळवायला पाठवलेली तार बघावी लागते.

आणि हिंदुस्थानचा वेगळा रकाना करू नका. पुतण्यानं केलेला, मी खोडायला लावलो. आपल्या बेळगावच्या कॅम्पात ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे तिच्या जुन्या पलटणी इराकात कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या, 29 एप्रिल 1916 ला शरण जावं लागलं, खरं युद्धात उतरायचं का म्हणून हिंदुस्थानला कुणी विचारलंच नव्हतं. ते ब्रिटनच्या रकान्यातच, खाली लिहा.