मोठी फाईल अपलोड होताना मधेच तुटते?

वळवाच्या पावसात सांगली-मिरजेकडे वीज क्षणभर गेली तरी राऊटर बंद पडतो आणि लग्नाच्या व्हिडिओची २० जीबीची फाईल पुन्हा शून्यापासून. एससीपीला (सर्व्हरवर फाईल कॉपी करणारी कमांड) अर्धवट फाईल पुढे नेता येत नाही. त्याऐवजी त्याच कामाची आरसिंक कमांड वापरा, पण ‘पार्शल’ (--partial) पर्याय लावूनच. नाहीतर तोही अर्धी गेलेली फाईल पुसून टाकतो. वीज आली की तीच कमांड पुन्हा द्या, गेलेला भाग परत पाठवला जात नाही.

दरवेळी वेगळ्याच टप्प्यावर तुटत असेल, तर दोष बहुधा इंटरनेटच्या लाईनचा. ब्राउझरमधून पाठवताना ४१३ एरर (फाईल मर्यादेपेक्षा मोठी) आली, तर राऊटरला शिव्या देऊ नका: एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मूळ मर्यादा १ एमबीच असते, ती सर्व्हरवर वाढवावी लागते. साईट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत असेल, तर तिची मर्यादा वेगळी, २ एमबी.

फाईल पोचल्यावर दोन्हीकडचा एसएचए-२५६ (फाईलवरून काढलेला तिचा ठसा) ताडून पाहा, मगच कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड फॉरमॅट करा.