बजेट गेमिंग पीसी : मदरबोर्ड दुकानातच सुरू करून बघा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं पीसी जोडायला निघाली की सगळा पैसा प्रोसेसरवर ओततात. तसं करू नका. गेमचा वेग बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डावर ठरतो. बेताच्या कार्डाला एएमडीचा रायझन ५ ५६०० (६ कोअर म्हणजे काम करणारे गाभे, १२ थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं) किंवा इंटेलचा आय३-१२१००एफ (४ कोअर, ८ थ्रेड) हा प्रोसेसर पुरतो. माझी पसंती ५६००ला. मात्र या दोन्हींत स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड दिवाळीनंतर घेणार असाल, तर स्वतःचं ग्राफिक्स असलेला ५६००जी घ्या, नाहीतर तोवर पडदा काळाच राहील.

खरी मेख मदरबोर्डात, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डात आहे. ५६०० एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची खाच), म्हणून बी४५० बोर्डावर नीट बसतो. पण बोर्ड जुन्या साठ्यातला असेल आणि त्याचं बायोस (मशीन सुरू करणारं, बोर्डातलंच सॉफ्टवेअर) अपडेट नसेल, तर बोर्ड ५६००ला ओळखत नाही आणि मशीन सुरूच होत नाही. मग अपडेटसाठी बोर्ड ओळखेल असा जुना प्रोसेसर गावात कुठून आणणार? म्हणून बेळगावात घ्या की कोल्हापुरात, दुकानदाराला स्पष्ट सांगा : "दादा, बायोस अपडेट करून, इथंच चालू करून दाखवा." बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बी५५० बोर्ड परवडला तर उत्तमच, त्या बटणानं बायोस अपडेट प्रोसेसरशिवायही होतं. ए५२० बोर्ड स्वस्त आहे आणि चालतो, फक्त प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येत नाही.

आय३ घेतलात तर एच६१० बोर्ड डीडीआर४ रॅमचा की डीडीआर५ रॅमचा (या रॅमच्या दोन पिढ्या), हे खोक्यावर वाचूनच रॅम घ्या. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. आणि १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या.