नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं अन् पीसी चालूच होऊन नाही राहिला? दुकानात पळायच्या आधी हे बघा

मे महिन्यात भर दुपारी मानेवाड्याहून मावसभावाचा फोन आला, "दादा, नवीन कार्ड टाकलं, फॅन सगळे फिरून राहिले पण स्क्रीनवर काहीच येऊन नाही राहिलं, दुकानवाला म्हणते कार्डच गेलं असन." बाहेर ४४ डिग्री, तरी गाडी काढली, कारण पोरानं वर्षभर पैसे जमवून ते कार्ड घेतलं होतं. कार्ड ठणठणीत होतं. डब्यातूनच खराब कार्ड निघते कधीकधी, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा भानगड वायरीत, बसवण्यात नाहीतर सेटिंगमध्ये असते अन् लोक उगाच कार्ड परत करायला धावतात.

आधी नीट बघा की नेमकं काय होऊन राहिलं. बटन दाबल्यावर काहीच नाही होत, की फॅन फिरतात पण स्क्रीन काळी, की विंडोजचा लोगो येते अन् मग काळी होते? तिन्हीचं कारण वेगळं आहे.

काहीच होत नसेल तर मागचा एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला करंट देणाऱ्या डब्याचा, स्विच बघा, मग २४ पिनचा मोठा कनेक्टर, कार्ड घुसवताना हात लागून तो ढिला होते. बटन दाबल्यावर क्षणभर चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे नाहीतर एसएमपीएसला लोड झेपत नाही, तिथेच थांबा, पुन्हापुन्हा बटन दाबू नका.

आतमध्ये हात घालायच्या आधी वायर भिंतीतून काढा, मग पॉवर बटन ५-१० सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल, अन् कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा, आपल्याकडच्या कोरड्या हवेत स्टॅटिक पटकन तयार होते. अन् कूलरसमोर पीसी उघडून बसू नका, ती ओलसर हवा अन् बारीक तुषार बोर्डावर नको.

आता फॅन फिरतात पण स्क्रीन काळी, हेच सगळ्यात जास्त होते. मॉनिटरची केबल कार्डात लावली की मदरबोर्डात, ते पहिले बघा, घाईत ती जुन्याच जागी राहून जाते. कार्ड काढून बोर्डाच्या एचडीएमआयवर टेस्ट करायचं असेल तर प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स पाहिजे, इंटेलचा शेवटी एफ असलेला, म्हणजे १२४००एफ सारखा प्रोसेसर असेल तर तिथून काहीच दिसणार नाही, मग जुनं कार्डच परत लावून बघा. जुन्यावर चालला तर बोर्ड, रॅम ठीक आहेत एवढं तरी कळते.

मग पॉवर. स्लॉटमधून कार्डाला फक्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या वायरीतून आणखी ७५ अन् ८ पिनमधून १५०. म्हणून कार्डावर जितके सॉकेट आहेत तितके सगळे भरलेच पाहिजेत. प्रोसेसरची ८ पिन ४+४ असते, कार्डाची ६+२, जबरदस्तीनं एकीच्या जागी दुसरी घुसवू नका. अन् मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणारा, एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कुठल्या एसएमपीएसची वायर अजिबात वापरू नका, टोक सारखं दिसते पण आतली वायरिंग वेगळी असू शकते, कार्ड जळून जाईल. घरोघरी तो ६०० व्हीएचा छोटा यूपीएस असते ना, तो साधारण ३६० वॅटच्या आसपासच देते, मोठं कार्ड टाकलं की ओव्हरलोड होऊन टूं करून बंद पडू शकते, टेस्ट करताना पीसी सरळ भिंतीच्या प्लगमध्ये लावा.

आता भावाचा किस्सा. बऱ्याच बोर्डांवर कोपऱ्यात चार छोटे लाईट असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट, जिथे गाडी अडते तो पेटून राहते. भावाच्या बोर्डावर व्हीजीए, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, पेटलेला. मोबाईलचा टॉर्च मारून बाजूनं खाली वाकून पाहिलं तर कार्डाची सोनेरी पट्टी पुढच्या बाजूला आत गेलेली, पण मागच्या टोकाला केसभर वर दिसून राहिली होती. कार्डाची लोखंडी पट्टी कॅबिनेटच्या कडेला अडकत होती म्हणून ते तिरपं बसलं, अन् स्क्रू कसल्यावर आणखी वर उचललं गेलं. स्क्रू ढिले केले, पट्टी आत सरकवली, दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबलं, स्लॉटच्या टोकाची क्लिप टक करून बसली. चालू.

पण डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, लाईट असेल तर कार्डामागे लागू नका, कार्ड दाबताना बोर्ड वाकते अन् रॅम हलते, रॅम काढून पुन्हा दोन्हीकडून टक होईपर्यंत बसवा.

तरी नाही झालं तर बायोस, म्हणजे बोर्डाची स्वतःची सेटिंग, रिसेट करा. भिंतीतून वायर काढून बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर२०३२, पाच मिनिटं काढून ठेवा. पण त्याच्या आधी एक काम नक्की करा, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर नंतर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते, ती आधीच मोबाईलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बघून लिहून घ्या, नाहीतर पीसी चालू होईल अन् डेटा आत अडकेल. रिसेट झाल्यावर बायोस दिसते पण विंडोज सापडत नाही असं झालं तर कार्डाचा दोष नाही, विंडोज जुन्या पद्धतीनं टाकलेलं असेल, बायोसमधली सीएसएम नावाची जुन्या पद्धतीची सेटिंग परत चालू करा. रायझर केबलवर, म्हणजे स्लॉटपासून लांब नेणाऱ्या वायरीवर, कार्ड उभं लावलं असेल तर बायोसमध्ये कार्डाच्या स्लॉटचा स्पीड कमी करून पीसीआयई जेन ३ करून बघा.

लोगो येऊन मग काळी होत असेल तर बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. लोगो दिसला की पॉवर बटन दाबून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरी स्क्रीन येते, तिथून सेफ मोडमध्ये जा, डीडीयू नावाच्या ड्रायव्हर काढायच्या सॉफ्टवेअरनं जुना ड्रायव्हर साफ काढा अन् नवीन टाका. एएमडीच्या रेडिऑन कार्डावरून एनव्हिडियाच्या जीफोर्सवर किंवा उलटं गेले असाल तर हे कराच.

एवढं करूनही काळीच राहिली तर मित्राच्या पीसीत कार्ड लावून बघा, त्याचा एसएमपीएस झेपणारा असला पाहिजे. तिथेही नाही चाललं तर मग दुकान: डबा, बिल, कार्डावरच्या सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो अन् दोन्ही पीसीवर व्हीजीएचा लाईट पेटलेला व्हिडिओ सोबत घेऊन जा.