जुन्या रेडिऑन कार्डासाठी कर्नलमध्ये मुक्त ड्रायव्हर बसवताना

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या दुकानात मी संगणकावर लग्नपत्रिकांची मांडणी करतो, काही मराठी, काही गुजराती. तिथल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये रेडिऑन एचडी ५४५० हे ग्राफिक्स कार्ड आहे, बिनपंख्याचं. त्यावर डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, घालून कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, मी स्वतः बांधला आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हरच, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, निवडायचा राहिला. खिडकी सरकवली तरी प्रोसेसर धापा टाकायचा. शेजारी बसलेलं गिऱ्हाईक "काका, वराचं नाव थोडं मोठं करा ना" म्हणायचं आणि आम्ही दोघंही पडद्याकडे बघत बसायचो.

आधी टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा, मशीनमधल्या कार्डांची यादी येते. कार्डाच्या नोंदीखाली वापरातल्या ड्रायव्हरची ओळ नसेल, तर कर्नलने कार्ड हातात घेतलेलं नाही. मग कर्नलच्या सोर्समध्ये जुनी डॉट-कॉन्फिग ही सेटिंगांची फाइल जपून ठेवा आणि 'मेक मेन्यूकॉन्फिग' हा निवडीचा मेनू उघडा. डिव्हाइस ड्रायव्हर्स, त्यात ग्राफिक्स सपोर्ट, त्यात एटीआय रेडिऑन. बऱ्याच नंतरच्या, नव्या कार्डांना एएमडीजीपीयू हा दुसरा ड्रायव्हर लागतो. ५४५० ला रेडिऑनच.

इथे माझे दोन दिवस गेले. त्या नोंदीला मी 'वाय' दिलं, म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच. पण या कार्डाला सुरू होताना फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्रॅम, लागतं; यातल्या सीडर नावाच्या चिपच्या फायली, आणि त्या असतात डिस्कवर. पोटातला ड्रायव्हर जागा होतो तेव्हा डिस्क अजून जोडलेलीच नसते. फर्मवेअर मिळालं नाही की ड्रायव्हर माघार घेतो. म्हणून 'एम' द्या, मॉड्यूल करा, म्हणजे नंतर भरता येणारा वेगळा तुकडा. फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज टाका. डेबियन १२ पासून ते नॉन-फ्री-फर्मवेअर विभागात आहे. ड्रायव्हर मुक्त असला तरी फर्मवेअरचा सोर्स बंदच आहे, आणि मला ते खुपतं.

पुढे 'मेक -जे४', 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल', 'मेक इन्स्टॉल'. शेवटच्या दोन्हींना रूटचे, म्हणजे मशीनच्या मुख्य वापरकर्त्याचे, हक्क लागतात. डेबियनमध्ये इनिटरॅमएफएस, म्हणजे सुरू होताना लागणारा छोटा फाइलसंच, आणि ग्रब, म्हणजे कर्नल निवडायचा सुरुवातीचा मेनू, त्याच ओघात तयार होतात. जुना कर्नल मात्र काढू नका. पडदा काळा राहिला तर ग्रबमधून त्याच्यातच परत जायचं आहे. ग्रबच्या ओळीत 'नोमोडसेट' राहिलं असेल तर काढा, ते असेपर्यंत रेडिऑन चालूच होत नाही.

मशीन परत चालू झाल्यावर डेव्ह-डीआरआय फोल्डरमध्ये 'रेंडरडी१२८' दिसायला हवं. दिसलं म्हणजे कर्नलचं काम झालं. चित्र काढणारा दुसरा अर्धा भाग मेसा या ग्राफिक्स लायब्ररीचा, तोही बसवलेला हवा. 'जीएलएक्सइन्फो -बी' मध्ये रेंडररच्या ओळीत एलएलव्हीएमपाइप आलं, तर काम अजून प्रोसेसरच करतोय. तसं असेल तर आपला वापरकर्ता रेंडर गटात, म्हणजे कार्ड वापरायची परवानगी असलेल्यांत, आहे का ते बघा. माझ्याकडे आता तिथे सीडर येतं, आणि वराचं नाव गिऱ्हाइकाच्या समोरच मोठं होतं.