रात्रीच्या बुडीसाठी टॉर्च घेताय? आधी पाणी बघा, मग लुमेन

मराठवाड्यातला माणूस पोहायला शिकतो विहिरीत आणि पाण्याखालची टॉर्च मागवतो ऑनलाइन. पेटीवर ‘10,000 लुमेन, 100 मीटर वॉटरप्रूफ’ असं ठळक छापलेलं असतं (लुमेन म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप). मालवणला किंवा अंदमानला रात्री दमावरच्या बुड्या, म्हणजे फ्रीडायव्हिंग, करायला निघण्याआधी ही टॉर्च गावच्या विहिरीत उतरवून बघितली जाते आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. टॉर्च बिघडलेली नसते. ती त्या पाण्याची नसते, एवढंच.

धुक्यात गाडीचा अप्पर लावला की रस्ता दिसायचा बंद होतो, तसंच हे. आपल्याकडच्या काळ्या मातीचे बारीक कण पावसानंतर कितीतरी दिवस पाण्यात तरंगत राहतात. रुंद झोत मारला की दिव्याजवळचे सगळे कण उजळतात आणि तो उजेड थेट डोळ्यांत परत येतो. लुमेन वाढवले की भिंत आणखी पांढरी होते. म्हणून फोटो-व्हिडिओसाठी बनवलेला 100-120 अंशांचा दिवा घेणं ही पहिली चूक. भाल्याने मासेमारी करायची असो की तळाशी काही शोधायचं असो, झोत 6 ते 10 अंशांचा हवा. पेटीवर कोन दिलेला नसेल तर घरीच बघता येतं. अंधाऱ्या खोलीत भिंतीपासून एक मीटरवर टॉर्च धरा. मधला प्रखर गोल वीतभरापेक्षा लहान असेल तर झोत कामाचा. सपाट काचेतून पाण्यात शिरताना तो आणखी आवळतो, 10 अंशांचा साधारण साडेसात होतो.

पाणी तपासायला यंत्र लागत नाही. भर दुपारी पांढरी बशी दोराला बांधून पाण्यात सोडा आणि ती कुठे दिसेनाशी होते ते मोजा. दोन-अडीच फुटांतच गायब झाली तर त्या पाण्यात रात्री कुठल्याच टॉर्चचा उपयोग नाही. बेत रद्द करा. पाच-सात फुटांपर्यंत दिसली तर 300 ते 500 लुमेनचा अरुंद झोत पुरतो. समुद्राच्या स्वच्छ पाण्यासाठी 800 ते 1000 घ्या. त्यापुढचे लुमेन बहुतेक वेळा बॅटरी तापवण्यातच जातात. रंगाचंही बघा. धरण-विहिरीच्या पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पिवळसर अंश असतो आणि तो निळा प्रकाश गिळतो. तिथे निळसर 6500 केल्विनपेक्षा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) 4000-5000 केल्विनचा उबदार उजेड डोळ्याला बरा वाटतो.

आता त्या दहा हजारांचा हिशेब. चांगल्या कंपनीचा 18650 सेल (18 मिलिमीटर जाड, 65 लांब) जास्तीत जास्त 3500 एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आसपास असतो. 3.6 व्होल्टने गुणलं की साडेबारा वॉट-तास होतात. एलईडी ढोबळमानाने एका वॉटला 100 लुमेन देते. म्हणजे 1000 लुमेनला 10 वॉट, सव्वा तास. दहा हजार लुमेनला 100 वॉट लागतील आणि एका सेलमधून ते ओढायचे म्हटले तर सात-आठ मिनिटांत सेल रिकामा, तोही टिकला तर. सेलवर ‘9900 एमएएच’ लिहिलेलं असेल तर तो लेबलाचा उत्साह समजावा आणि दुकानदाराला परत करावा. खरा सेल 45 ते 50 ग्रॅम भरतो. हलका निघाला की समजून जा. रनटाइमच्या आकड्यातही खोच आहे: प्रचलित मोजणीत उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. तेव्हा पेटीवर दोन तास असेल तर कामाचा उजेड किती वेळ टिकतो ते बादलीभर पाण्यात टॉर्च ठेवून, घड्याळ लावून स्वतः बघा. हवेत फुल मोडवर जाळत ठेवू नका. या टॉर्चला थंड ठेवण्याचं काम पाणीच करतं.

मोडच्या बाबतीत एकच सांगणं: एका बटणावर फुल, मंद, लुकलुक, एसओएस असे पाच प्रकार फिरत असतील तर ती टॉर्च घेऊ नका. तळाशी मंदवर जायचंय आणि मधे डोळ्यांसमोर लुकलुक सुरू, हा ताप नको. डोकं फिरवून चालू होणारी टॉर्च पाण्याखाली कधीच सैल करू नये, तिथूनच पाणी शिरतं. सरकतं मॅग्नेटिक बटण बरं, पण खाचेत वाळू अडकते. धुताना ते पाच-सहा वेळा मागेपुढे करा.

पेटीवर ‘आयपीएक्स8’ हा पाणी न शिरण्याच्या चाचणीचा शिक्का वाचून निश्चिंत होऊ नका. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स8 म्हणजे त्यापेक्षा कडक चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनीने ठरवलेलं. तो आकडा लिहिलेला नसेल तर त्या शिक्क्याला अर्थ नाही. शिवाय चाचणी स्थिर, गोड्या पाण्यातली. दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण दाब वाढतो आणि हातातली टॉर्च हलते, आपटते. 15 मीटरच्या बुडीसाठी निदान 50 मीटरची घ्या.

पाणी शिरण्याचं खरं कारण मात्र बहुतेकदा ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या सांध्यातली रबरी कडी, असते, आणि तिथे चूक आपलीच असते. रिंगवर एक केस किंवा पंचाचा धागा राहिला तरी पुरतं. रिंग सुईने उचकटू नका, जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा वापरा. धागा न सुटणाऱ्या कापडाने खाच पुसा, मग ज्वारीच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस बोटांत घेऊन रिंगवर फिरवा. रिंग चमकली पाहिजे, गोळे दिसता कामा नयेत. जास्त ग्रीस कचरा धरून ठेवतं. व्हॅसलिन किंवा इंजिनचं ग्रीस नको, काही रबरं त्याने फुगतात. आणि रिंगच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीसही चालत नाही, म्हणून माहितीपत्रक वाचा. टॉर्चला दोन रिंगा असतील तेवढं बरं. वर्षाला बदला, दिसायला धडधाकट असल्या तरी.

गळतीची चाचणी घ्यायला विहिरीसारखी जागा नाही. सेल काढून आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा, बंद करा, दगड बांधून दोरावर 30 फूट खोल सोडा. अर्ध्या तासाने वर काढा, पुसून उघडा. पेपर ओला असेल तर सेल तरी वाचला. यासाठी स्वतः उतरायची गरज नाही. दुसऱ्या कामाने विहिरीत बुडी मारायचीच असेल तर आधी मोटरच्या तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून सोबत ठेवा. शेतीची लाइट रात्री-बेरात्री येते, स्टार्टरला ऑटो असेल तर मोटर आपोआप सुरू होते, आणि केबलचा जोड उघडा असला की पाण्यात करंट. जुन्या बंद विहिरीत विषारी वायूही साठलेला असू शकतो. टॉर्चने तो दिसत नाही.

काचेच्या आत बाष्प धरतं ती बहुतेकदा गळती नसते. समुद्राकाठच्या दमट हवेत टॉर्च उघडून बंद केली की ती ओल आत अडकते आणि थंड पाण्यात काचेवर जमते. आपली कोरडी हवा इथे कामी येते: सेल घरूनच भरून बसवा, होडीवर उघडू नका. विमानाने जाणार असाल तर मात्र सेल बाहेर काढून, टोकांना टेप लावून हातातल्या बॅगेत न्यावा लागतो. मग मुक्कामी पंख्याखाली, कोरड्या खोलीत बसवा. मेच्या उन्हात गाडीत सेल ठेवू नका.

हेडटॉर्च पाण्यात सोयीची वाटते, पण ती डोळ्याच्याच रेषेत उजेड टाकते, त्यामुळे पांढरी भिंत आणखी दाट होते आणि सोबती आंधळा. टॉर्च हातभर बाजूला धरली की परतणारा उजेड कमी. फ्रीडायव्हिंगमध्ये एक हात कान मोकळे करायला नाकाशी जातो, दुसऱ्यात स्पिअरगन (भाला सोडणारी बंदूक) किंवा दोर. म्हणून हाताच्या पाठीवर बसणारा पट्टा घ्या, ओढला की सुटणारा. खाली जायला सोपं पडावं म्हणून कमरेला बांधतात त्या वजनाच्या पट्ट्याला टॉर्च अडकवू नका. संकटात तो पट्टा टाकून द्यायचा असतो. मासेमारांच्या नायलॉन जाळ्यांसाठी लहान सुरी आणि एक सुटी टॉर्च हवीच.

सोबती वर थांबतो, एकानेच खाली जायचं. टॉर्चचा झोत खाली वळलेला असतो, त्यामुळे वरच्याला बुडी मारणारा दिसतोच असं नाही. डोक्याच्या मागे एक लहान दिवा लावा. शुद्ध हरपण्याचा धोका वर येताना आणि आल्यावर जास्त, म्हणून बाहेर आल्यावरही निदान 30 सेकंद त्याच्या तोंडावरची नजर हटवू नका. झोताने गोल काढला की सगळं ठीक, आडवा भराभर हलवला की अडचण. एवढं किनाऱ्यावरच ठरवा.

जागेची चौकशी आधी करा. नाथसागरावर जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे (1986), मालवणला सागरी अभयारण्य (1987). तिथे भाला घेऊन उतरणं म्हणजे थेट गुन्हा ओढवून घेणं. बाकी ठिकाणी मत्स्य विभागाला विचारा.

परतल्यावर टॉर्च न उघडता वीस मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. आपल्या बोअरचं पाणी जड, वाळलं की रिंगेच्या कडेला पांढरा थर धरतो. शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. टॉर्चमध्ये खारं पाणी शिरलंच असेल तर ताबडतोब, उघड्यावर, तोंडापासून लांब धरून हळूहळू सैल करा. सेलमधून वायू सुटून आत दाब साठलेला असू शकतो. तो सेल पुन्हा चार्जिंगला लावू नका, वाळवूनही नाही.