लिब्रेऑफिस उशिरा सुरू होत असेल, तर आधी फाइल बंद करण्याची पद्धत तपासा

लिब्रेऑफिस हा मोफत ऑफिस संच सुरू व्हायला फार वेळ लागतो, ही तक्रार करणाऱ्यांनी सेटिंग बदलण्यापूर्वी आपण फाइल कशी बंद करतो, हे पाहावे. रायटर (लेखनासाठी), कॅल्क (तक्त्यांसाठी) आणि इम्प्रेस (सादरीकरणासाठी) या नावांनी वेगळे दिसणारे भाग प्रत्यक्षात एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे मेमरीत चालू असलेल्या एकाच कार्यक्रमात, चालतात. दहा फाइली उघड्या असल्या तरी त्यामागे चालणारा कार्यक्रम एकच असतो. विंडोज किंवा लिनक्सवर शेवटची उरलेली विंडो कोपऱ्यातल्या फुलीने बंद केली की ही प्रोसेसही संपते, आणि पुढची फाइल उघडताना सगळी जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

म्हणून दिवसभर फाइली उघडत-मिटत राहायच्या असतील, तर शेवटची फाइल फुलीऐवजी कंट्रोल आणि डब्ल्यू या कळांनी, किंवा फाइल मेनूतील ‘क्लोज’ने बंद करावी. फाइल मिटते, पण स्टार्ट सेंटर, म्हणजे लिब्रेऑफिसचा सुरुवातीचा पडदा, समोर राहते आणि कार्यक्रम मेमरीत असल्यामुळे पुढची फाइल लवकर उघडते. मेनूच्या ओळीत उजव्या टोकाला दिसणारी छोटी फुलीही हेच काम करते. कंट्रोल आणि क्यू या कळा मात्र जपून वापराव्यात, कारण त्या सर्व विंडो एकदम बंद करतात. न साठवलेल्या फाइलींबद्दल विचारणा होते खरी, पण घाईत ‘साठवू नका’ हे बटण दाबले गेले की केलेले काम जाते. मॅकवर शेवटची विंडो मिटली तरी कार्यक्रम चालूच राहतो. तो पूर्ण बंद करण्यासाठी कमांड आणि क्यू या कळा वापराव्या लागतात.

एवढे करूनही सकाळची पहिली सुरुवात रेंगाळत असेल, तर कारण शोधावे लागते. संगणक सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वेळी सर्व फाइली डिस्कवरून वाचाव्या लागतात, त्यामुळे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर थोडा उशीर होणारच. तो दरवेळी होत असेल, तर हेल्प मेनूतून ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ निवडावे. ही सोय 5.3 आवृत्तीपासून आहे. सेफ मोडमध्ये आपले नेहमीचे प्रोफाइल (आपल्या सेटिंग साठवणारे फोल्डर) बाजूला ठेवून कार्यक्रम तात्पुरत्या प्रोफाइलवर चालतो. तिथे वेग सुधारला, तर दोष प्रोफाइलमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (वरून जोडलेल्या जादा सोयीत) आहे, असे समजावे आणि प्रथम एक्स्टेन्शन एकेक करून बंद करून पाहावीत. संपूर्ण प्रोफाइल रीसेट करणे हा अगदी शेवटचा उपाय आहे. आपण वर्षानुवर्षे वैयक्तिक शब्दकोशात जमवलेले मराठी शब्द, ऑटोटेक्स्ट (साठवून ठेवलेले तयार मजकूर) आणि टेम्प्लेट त्याच प्रोफाइलमध्ये असतात, त्यामुळे सेफ मोडच्या चौकटीतूनच त्याची झिप प्रत आधी काढून ठेवावी.

सेफ मोडमध्येही फरक पडला नाही, तर डीफॉल्ट प्रिंटर तपासावा. तो नेटवर्कवरचा असून बंद असेल, तर त्याच्या उत्तराची वाट पाहण्यात रायटर अडकू शकतो. काही काळ पीडीएफ प्रिंटर डीफॉल्ट ठेवला की हे लगेच कळते. टूल्समधील ऑप्शन्सच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर जावा या सहायक सॉफ्टवेअरचा वापर बंद केल्यानेही काही संगणकांवर वेळ वाचतो, मात्र बेस या डेटाबेससाठीच्या भागातील काही डेटाबेसना आणि काही विझार्डना जावा लागते, त्यामुळे ते वापरणाऱ्यांनी हा बदल करू नये. विंडोजवर संगणकासोबतच लिब्रेऑफिस मेमरीत आणून ठेवणारा क्विकस्टार्टरही आहे, परंतु तो मेमरी व्यापतो आणि त्यामुळे संगणक सुरू होण्याचा वेळ वाढतो. कमी रॅम असलेल्या यंत्रावर तो वापरावा, असे मला वाटत नाही.

विंडो दिसत नसताना प्रोसेस मागे अडकून राहिली असेल, तर फाइल ‘दुसऱ्याने उघडली आहे’ असा संदेश येतो. असे झाल्यास आधी टास्क मॅनेजरमधून ती प्रोसेस संपवावी. त्यानंतरही संदेश कायम राहिला, तर मूळ फाइलच्याच फोल्डरमधील, ठिपक्याने सुरू होणारी लपलेली लॉक फाइल (मूळ फाइल वापरात असल्याची खूण म्हणून लिब्रेऑफिस बनवते ती) काढावी. फोल्डर सामायिक असेल, तर ती काढण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावर खरोखरच कोणी त्या फाइलवर काम करत नाही ना, हे सहकाऱ्यांना विचारून घ्यावे.